लोणीचे आठ दिवस

"पूर्वी कधी अटॅक येऊन गेलाय का?" बिबवेवाडीच्या दवाखान्यात डॉक्टर आलियांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि भीमरावांनी तिसऱ्यांदा, खुर्चीत ताठ बसून, नाही म्हटलं.

शेजारी बसलेल्या सुंदराबाईंना नवऱ्याचं हे ताठ बसणं चांगलं ठाऊक होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोलतानाच काय तो सरळ बसला.

डॉक्टर समजावू लागल्या. हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम आत शिरलं की ठोक्याची वीज पुढे पळते. भीमरावांच्या छातीत ती वाट्टेल तशी उधळत होती. त्या देणार होत्या ती गोळी यातली काही दारं अडवते, वीज संथ होते, ठोके ताळ्यावर येतात.

"पण अटॅकचा जुना व्रण असेल, तर हीच गोळी ठोके आणखी बिघडवते. माणूस जागच्या जागी जाऊ शकतो."

असा व्रण दाखवणाऱ्या इकोच्या तपासणीचा नंबर सोमवारी लागणार होता. तोवर गोळी द्यायची की नाही, हे या एका उत्तरावर होतं. भीमराव नाहीवरच अडून बसले.

कंपनीची बस चालवणाऱ्याला छातीचं दुखणं परवडत नाही, हे सुंदराबाईंनाही कळत होतं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. तीन वर्षांपूर्वी भीमराव आठ दिवस लोणी काळभोरला गेले होते, मित्राकडे लग्न म्हणून. फोन बंद. परतले ते गालफडं बसलेले. बाई आहे, याबद्दल सुंदराबाईंना तेव्हापासून शंका नव्हती. त्यांनी ते गिळलं होतं, इतकंच.

डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहायला घेतलं.

"थांबा," सुंदराबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, लोणीला बाईकडे होतात, एवढं सांगा. मी इथे एक शब्द बोलणार नाही. मग खुशाल घ्या गोळी."

भीमरावांची ताठ पाठ खुर्चीला टेकली.

"दवाखान्यात होतो," ते म्हणाले. "अटॅकच होता."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. सुंदराबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षं नसलेल्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्या डोळे पुसायला पदर उचलत होत्या, तोच हात थबकला. थोरल्या मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी नातेवाइकाची सही झाल्याशिवाय दवाखान्याने त्याला आत घेतलं नव्हतं. ती सही त्यांनीच केली होती.

"मग तिथे," त्यांनी विचारलं, "तुमचं माणूस म्हणून सही कुणी केली?"