पिवळी चिंदी

"तांबडी चिंदी बांधलेले गठ्ठे ट्रकनं डांगच्या जंगलातल्या पाड्यांवर जातात," दानाच्या गोडाऊनचे शालिग्रामभाऊ म्हणाले. "आणि पिवळी चिंदी म्हणजे माणूस स्वतः दारात आलं, त्यानं मागितलं, आपण हातात दिलं. ही अशी, दोन गाठी मारून. पिवळी लागली की ज्याचं त्याला पोचलं. मग त्याचा शोध नाही, उषाबाई."

"आणि गोधड्या?"

"त्या मागच्या ढिगात. दोन महिन्यांचं पडलंय. हात लावायला माणूस नाही."

उषाबाईंनी पदर खोचला आणि ढिगाला भिडल्या.

पलसाण्याच्या मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात, त्यांची बावीस वर्षं गेली होती. ताग्यातला डाग त्या उभ्या उभ्या पकडत. नवऱ्याचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी ही बाई कामावर हजर. तिनं एकाएकी दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली तेव्हा मास्तर बघतच राहिला. "सेवा करायचीय," असं त्याच्या तोंडावर सांगून त्या निघाल्या. आता रोज सकाळी नवागामच्या घरून चालत दानाच्या गोडाऊनला.

"केवढं पुण्य, उषाताई!" समोरची रंजना ओट्यावरून ओरडे. "नातू होतो बघा!"

"तू तुझी मेथी निवड," उषाबाई म्हणत आणि झपझप पुढे जात. पुण्य हा शब्द ऐकला की त्या पाय आणखीच उचलत.

झालं होतं असं. मयुरी, त्यांची सून, सातव्या महिन्यात. नवऱ्याबरोबर, कुंदनबरोबर, ती दवाखान्यात गेली होती आणि गल्लीत दानाचा टेम्पो आला. मयुरीच्या खाटेवर तिच्या परभणीच्या माहेरची गोधडी होती. ठिगळाला ठिगळ, धुराचा वास, आणि एका बाजूचे टाके तर दारू प्यायल्यासारखे. साड्यांच्या गावात राहून माझ्या नातवानं ह्या चिंध्यांत लोळायचं? उषाबाईंनी गोधडी उचलली आणि टेम्पोत कोंबली.

संध्याकाळी मयुरी म्हणाली, "आई, मायची गोधडी दिसत नाही." सासूला ती आई म्हणे. जन्म दिला ती माय. माय गेल्याला वर्षही झालं नव्हतं.

"मला काय विचारतेस? गच्चीवर टाकली असशील, नेली वाऱ्यानं."

पोरगी पोट सावरत गच्चीवर गेली. शेजारच्या पत्र्यांवर वाकून वाकून पाहून आली. मग उंबऱ्यावर बसली.

"दवाखान्याच्या खाटेवर शिवली होती मायनं, बाळासाठी. चौथी बाजू राहिली तेव्हा उजव्या हाताला सलाईन लागलं. मग ती डाव्या हातानं पुरी केली."

उषाबाईंच्या तोंडाला उभ्या जन्मात कुलूप लागलं नव्हतं. त्या दिवशी लागलं.

तिसऱ्या दिवशी मयुरी रंजनाकडे जाते म्हणून गेली, उन्हं उतरल्यावर आली आणि तिनं विचारणं बंद केलं. आपल्या पेटीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिनं गळ्यात घातली. ह्या घरावरचा पोरीचा भरवसा उडाला, उषाबाई समजल्या. चौथ्या दिवशी त्या गोडाऊनला गेल्या.

तीन आठवड्यांत ढीग तळाला गेला. स्वेटर निघाले, पडदे निघाले, कुणाचा लग्नातला कोटसुद्धा निघाला. गोधडी नाही निघाली. ट्रकनंच गेली असणार. डांगात कुठल्या पाड्यावर जाऊन विचारायचं?

शेवटच्या बोचक्यात एक विरलेलं हिरवं इरकल हाती लागलं. थेट त्या गोधडीच्या पोटात होतं तसंच. उषाबाईंनी ते मांडीवर घेऊन उलटसुलट तपासलं. मग आपली नवी सहावारी आणून त्यांनी शालिग्रामभाऊंच्या पुढ्यात टाकली.

"ह्याच्या बदल्यात ते इरकल आणि थोडी ठिगळं नेते. फुकटचं उषाबाई घेत नाही."

बावीस वर्षं कापड तपासलेली नजर. एकेक ठिगळ त्यांना आठवत होतं. डबा खाऊन झाला की गोडाऊनच्या कोपऱ्यात बसून शिवत. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला त्यांनी सुई डाव्या हातात घेतली. टाका इकडे घालावा तर तिकडे जाई, बोटात घुसे. दवाखान्यातल्या त्या बाईला आपण हसलो होतो. रक्त पुसत त्या पुढचा टाका घालत.

"आई, बोटांना काय झालं?" घरी मयुरीनं विचारलं.

"सुतळी कापते गठ्ठ्याची."

मयुरीनं हळद आणून लावली. पुढच्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्त यायला लागली.

नववा महिना भरत आला तेव्हा त्यांनी गोधडी खाटेवर टाकली.

"गोडाऊनात सापडली. कुणी गच्चीवरून उचलून दानात दिली असेल. लोकांना काय, लाजा नाहीत."

मयुरीनं गोधडी पसरली. हात फिरवत फिरवत ती चौथ्या बाजूशी आली आणि थांबली. मयुरीनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग गोधडीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडली.

"आईची गोधडी," ती म्हणाली.

"हो गं, आईचीच. आता रडू नको, बाळाला त्रास होतो."

रंजना दारात डोकावली तर तिलाही मयुरीनं तेच सांगितलं, "आईनं शिवलीय, माझ्या बाळासाठी."

खोटं पचलं. उषाबाईंना मात्र अन्न पचेना. बाळंतपण सुखरूप होऊ दे, त्यांनी मनाशी ठरवलं, मग पाय धरून सांगेन पोरीला.

पुढच्या मंगळवारी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात आत नेताना मयुरीनं गळ्यातली किल्ली काढली.

"आई, पेटीतली झबली-टोपडी आणा. ह्यांना नका पाठवू. तुम्हीच जा."

उषाबाई धापा टाकत घरी आल्या. पेटी उघडली. वर टोपडी होती, त्याखाली झबली. ती उचलली तसा धुराचा वास आला. खाली हिरव्या इरकलाची गोधडी होती, चौथ्या बाजूचे टाके वेडेवाकडे, आणि कोपऱ्याला दोन गाठी मारलेली पिवळी चिंदी.