शेवटच्या गुरुवारची सवाष्ण

संजनाने वाढलेल्या पानाला हात लावला नाही.

पाटावर ती नीट बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात मांडीवर. समोर केळीच्या पानावर पुरणपोळी, वालाची भाजी, खीर. पोळीवरचं तूप पसरून पानाच्या शिरेपर्यंत गेलं होतं. बायजा हात जोडून उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. कलशापुढे नैवेद्य झाला होता. आता सवाष्णीने जेवायचं, तृप्त होऊन घरच्या लेकाला आशीर्वाद द्यायचा, की व्रत पुरं. प्रितेशच्या जन्मापासून बायजाने हे व्रत धरलं होतं. धरलं होतं तेही प्रितेशसाठीच.

तिने सात जणींना बोलावणं केलं होतं. आली ही एकटी. जूचंद्र गावातल्या त्यांच्या आळीत घरटी कोणी ना कोणी प्रितेशकडे कामाला होतं. शहराचा कचरा उचलायचा ठेका त्याच्याकडे होता. संजनाचा नवरा कल्पेश त्याचीच घंटागाडी चालवायचा. दिवाळीपासून पगार नाही म्हणून सगळ्या गाड्या उभ्या होत्या. नाक्यावर कचरा कमरेपर्यंत साचला होता. कुत्री पिशव्या फाडून दारादारांत आणून टाकत होती. बायजाने आज उदबत्त्या दुप्पट लावल्या, तरी देवघरात तोच वास येत होता.

बोलावणं करायला गेली तेव्हा एकीने दार अर्धंच उघडलं. लेकाला झाडू घ्यायला सांग, मग येते हळदीकुंकवाला, असं म्हणून लावून घेतलं. दुसरीने आमच्या हातांना घाण वास येतो, तुमच्या देवीला सोसायचा नाही, असं ऐकवलं आणि आत कोणीतरी मोठ्याने हसलं. बायजा मान खाली घालून परत आली. पण मनातून ती पेटली होती. पैसे वरूनच आले नाहीत, असं प्रितेशने तिला सांगितलं होतं. लेकाचे हात बांधलेले, आणि ज्यांना त्याने कामाला लावलं तीच माणसं त्याच्या नावाने बोटं मोडतायत.

म्हणून संध्याकाळी संजना दारात दिसली, तेव्हा तिला वाटलं, देवीने लाज राखली.

"जेवायचा नव्हता त पाटावर कला बसलीस?" बायजाने विचारलं. आवाज चढला नाही, पण शब्दाला धार होती. तुझं डोहाळजेवण याच घरात झालं, तेव्हा हात आखडला नाहीस, असंही ती बोलून गेली.

संजनाने सगळं ऐकून घेतलं.

"आले नसते त तुम्ही वाट बगत बसला असता, काकी," ती म्हणाली. "पन जेवून उठले का आशीर्वाद द्यावा लागंल. तुमचे प्रितेशला. तो माझे तोंडातून नाय यायचा. खोटा देऊन तुमचा वरत कला बुडवू?"

तिने पानाला नमस्कार केला आणि उठली.

आतल्या खोलीत प्रितेशने हे सगळं ऐकलं होतं. तो बाहेर आला आणि तिला दारातच गाठलं. उद्या गाडीची चावी दुसऱ्याच्या हातात असेल, चंदनसारच्या नाक्यावर पाहिजे तितके ड्रायव्हर मिळतात, असं कल्पेशला सांग म्हणाला. वाढलेलं पान सोडून उठतात आणि बाहेर उपाशी म्हणून रडतात, हे वर जोडलं. संजना चप्पल घालत होती. चावी कल्पेशच्या खिशात आहे, न्यायला ये, पण गाडीतून नको, आळीतून चालत ये, एवढं बोलून ती पायरी उतरली.

प्रितेशने दार लोटलं. आईच्या मधुमेहाच्या गोळीची वेळ टळून गेली होती. आता हे नाटक पुरे, खाऊन घे, असं तो म्हणाला. देवी काही हजेरी घेत नाही.

बायजाने त्याला एवढंच विचारलं, की वरून पैसे कधी यायचेत. नक्की दिवस कळला तर ती पुन्हा आळीत जाणार होती. एकीच्या तरी पाया पडून तिला आणणार होती.

"ते आलेत गं कधीचे," प्रितेश मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला. "पण आता दिले तर डोक्यावर बसतील. जरा थांबायचं. उपाशी माणूस किती दिवस बसणार? येतील गुपचूप गाडीवर."

भिंतीला हात लावत बायजा खाली बसली, संजनाच्या पानासमोर. खिरीवर साय धरली होती. तिने दुसरं पान घेतलं आणि वाढलेलं सगळं झाकून ठेवलं.

प्रितेशने गोळी आणली, पाण्याचा तांब्या आणला. भांडं भरून तिच्या ओठांपाशी धरलं. तिने ते त्याच्या हातातून घेतलं आणि बाजूला जमिनीवर ठेवलं.

"आये, पी ना. चक्कर येईल."

"येऊं दे," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "मना सवय हाय उपाशी बसायची. तुझेसाठीच लागली. आता संजना जेवल्याबिगर मी पानी घेनार नाय. तिला कंदी जेवू घालाचा, ते तू ठरव."