मनोहर बिल

नर्सिंग होममध्ये चाळीस पेशंटांमागे एकच नर्स होती. नीलांबरीमावशींचे यजमान मनोहर तिला हाका मारता मारताच गेले. नर्स वाढवायचं विधेयक आमदार परीक्षितने त्यांच्याच नावाने मांडलं. दर निवडणुकीत मावशी त्याच्या व्यासपीठावरून यजमानांचं मरण सांगत, लोक डोळे पुसत आणि त्याला मतं देत. पण बहुमत विरोधकांचं, त्यामुळे बिल दरवर्षी अडे.

यंदा परीक्षितचा पक्ष जिंकला आणि राज्याच्या विधानसभेत तो बहुमताचा नेता झाला. कोणतं बिल मतदानाला घ्यायचं, हे आता तोच ठरवणार होता. मावशी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी मिठाईच्या दुकानातून पेढे घेऊन त्याच्या ऑफिसात गेल्या.

"आता कधी घेतोस रे बाबा?"

त्याने वाकून नमस्कार केला.



"मावशी, बिल पास झालं, तर नेक्स्ट इलेक्शनला स्टेजवर तुम्ही काय बोलणार?"