एकादशीची गाडी

शकुताईंनी पदर नाकाला लावला आणि पायरीवरचा पाय मागे घेतला. "मकरंद, खरं सांग. तुझ्या गाडीत मासळी शिजते की काय?"

परदेशातल्या हेन्डरसन उपनगरात, लायब्ररीसमोर मिनीबस घरघरत उभी होती. दर एकादशीला मकरंद सगळ्या म्हाताऱ्या मंडळींना देवळात नेऊन आणायचा. लेक-सुना कामावर, बस बदलत गेलं तर अर्धा दिवस वाटेतच. ही गाडी बंद झाली की दर्शन संपलंच.

"शिजत नाही, जळतंय," मकरंद हसला. "फिश अँड चिप्सवाल्याचं वापरलेलं तेल. शेडमध्ये मी त्याचं बायोडिझेल करतो. आधीच्या तेलाचा साठा संपला, म्हणून आजपासून हे."

"उपासाच्या दिवशी माशाच्या धुरातून देवाकडे? मी नाही हो येणार. साधं डिझेल भर की!"

"ते नाही भरणार, शकुताई. कधीच सोडलंय. गाडी दारात उभी राहील, पण डिझेल नाही."

बायका मागे सरल्या. सगळ्यांच्या नजरा वसुंधराकाकूंकडे वळल्या. एकादशीला दिवसभर पाण्यावर राहणाऱ्या त्या एकट्याच. त्या म्हणतील ते खरं.

काकू मकरंदकडे बघत होत्या. त्याचा आवाज चढला नव्हता. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. डॉक्टर उपास सोडा म्हणायचे, तेव्हा त्याही अशाच हळू आवाजात नाही म्हणायच्या.

"शकु, त्याचा नेम आहे तो," त्या म्हणाल्या. "कुणाला नेम मोड म्हणू नये. तेल बदलता येईल." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

मागोमाग सगळ्याच चढल्या. शकुताई पदर न सोडता.

दिवाळी तोंडावर आली होती. चकल्या, शेव, अनारसे झाले आणि घरोघरचं तळणीचं तेल डब्याडब्यांनी मकरंदच्या शेडमध्ये जाऊन पडलं. काकूंनी आपल्या चकल्यांचं तेल स्वतः गाळून दिलं.

दिवाळीनंतरच्या एकादशीला शकुताई सगळ्यांच्या आधी गाडीत. "आता कसं सोवळं वाटतंय!"

मकरंदनं किल्ली फिरवली. उघड्या खिडकीतून वास आत आला. खमंग, भाजणीचा, नुकत्या कढईतून काढलेल्या चकलीचा.

वसुंधराकाकूंनी डोळे मिटले. जपमाळेवरची बोटं अडखळली. तोंडाला सुटलेलं पाणी त्यांनी गिळलं, पुन्हा गिळलं.

"मकरंदा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पुढच्या एकादशीला ते मासळीचंच भर रे बाबा."