शीळ न घालणारी गोळी

"सर, हा लॉटच खराब आहे," वैजयंता शेडबाळे वैतागून म्हणाली. सरावासाठी आणलेल्या साध्या गोळ्यांचा लॉट तिसऱ्यांदा बदलला होता, तरी त्या डावीकडेच लागत होत्या.

घोरपडेसरांनी तिची रायफल टेबलावरच्या शिकंज्यात घट्ट आवळली आणि त्याच लॉटच्या पाच गोळ्या झाडल्या. कागदावर एकच भोक पडलं.

"लॉट उत्तम आहे. चाप तू झटक्याने ओढतेस. शहाणी गोळी नऊ वर्षं तुझी चूक झाकत होती."

शहाणी गोळी नेम चुकला तरी हवेत वळून बरोबर मध्यावर लागायची, आणि वळताना बारीक शीळ घालायची. त्या शिळेचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

पुढचे आठ महिने वैजयंता रोज सकाळी साठ साध्या गोळ्या झाडत राहिली. चाप हळू दाबायला तिचं बोट नव्याने शिकलं.

राज्य स्पर्धेत मात्र शहाण्या गोळ्यांचीच सक्ती होती. डावीउजवीकडे शिळा घुमत होत्या. वैजयंताने चाप दाबला. गोळी मध्यावर लागली, पण शीळ आलीच नाही. दुसरीचीही नाही, तिसरीचीही नाही.

पंच लगबगीने आले. "मॅडम, गोळ्या बिघडलेल्या दिसतात. बदलून देऊ?"

"चांगल्या आहेत की," चौथी गोळी भरत वैजयंता म्हणाली. "त्यांना वळायची वेळच आली नाही."