डॉक्टरांचं अक्षर

“हा कोणाचा?” केसपेपर हातात घेण्याआधी दवाखान्यातल्या मावशींनी विचारलं.

“कोपऱ्यावरच्या शिंप्याचा,” कागदावर पेशंटनं स्वतः लिहिलेलं नाव वाचून डॉक्टरांची मुलगी म्हणाली.

मावशींनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि घडाघडा वाचला. खोकला, पाच दिवस. ताप नाही. पातळ औषध दोन वेळा. मुलगी ते संगणकात भरत होती, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळपासून साठ कागद झाले होते आणि कपाटाचे दोन खण अजून तसेच होते. संध्याकाळी तिला तिच्या गावी परतायचं होतं. उद्यापासून या दवाखान्यात कागद बंद.

वडिलांचं अक्षर म्हणजे शाईत भिजलेली मुंगी कागदभर पळाल्यासारखं. औषधांच्या दुकानदारानं कधीच हात टेकले होते. हल्ली मावशीच त्याला फोनवर गोळ्यांची नावं सांगत. हे अक्षर वाचता येणारी जगात एकच बाई आहे, असं पेशंटही त्यांना चिडवत. मुलीला त्यात गंमत वाटत नसे. ती स्वतः डॉक्टर होती. आख्खा दवाखाना एका मदतनीस बाईच्या मुठीत असावा, हे तिला पटत नव्हतं. संगणक एकदा सुरू झाला की मावशींना घरी बसवायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

मावशींना त्याचा सुगावा लागला असावा. तीन महिने त्या काहीतरी खुसपट काढून हे काम पुढे ढकलत होत्या. आज सकाळी मात्र त्यांनी सरळच विचारलं होतं, “ताई, उद्यापासून मी नको का?”

तिनं खुर्ची ओढून संगणक सुरू केला होता.

आतल्या खोलीत वडील पेशंट तपासत होते. उद्यापासून औषधं स्वतःच टाइप करायची, हे तिनं त्यांना दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा ते छान हसले आणि म्हणाले, “बाईंना विचार.” मावशींनी फारच लाडावून ठेवलंय बाबांना, असं तिला वाटलं.

मावशी दर दोन मिनिटांनी उठत, आत डोकावत, परत येऊन बसत. त्यांची चुळबुळ पाहून मुलीचाही पाय टेबलाखाली हलायला लागला. तिनं घाईघाईनं पुढचा कागद सरकवला.

“शाळेतल्या बाईंचा.”

मावशींनी तो उचलला. त्यांचं लक्ष दाराकडेच होतं. “गुडघेदुखी. डावा जास्त. जेवणानंतर एक गोळी, आठवडाभर.”

मुलीची बोटं थांबली. कागदावर छापलेलं दवाखान्याचं नाव खालच्या कडेला आलं होतं, डोकं खाली पाय वर.

“मावशी, कागद उलटा धरलाय तुम्ही.”

मावशींनी तो फिरवला नाही. दाराकडे बघत त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “सुलटा धरला तरी तेच आहे, ताई. दोन वर्षं झाली, साहेब नुसत्या रेघा ओढतात.”