हुट्सपॉटचा बांध

डाव उचलला तर पातेलंच वर यायला लागलं, तेव्हा कूनराडला कळलं की आपण माती खाल्ली. बटाटे, गाजरं, कांदे, सगळं नीट शिजलं होतं. पण हुट्सपॉट हातानं ठेचायचा असतो. बायकोची, आल्त्येची ठेचणी काही केल्या सापडेना, म्हणून त्यानं मिक्सर फिरवला आणि खळ करून ठेवली. पंचेचाळीस वर्षं तिच्या हातचा खाल्ला, पण ती कसा करते ते एकदाही वळून पाहिलं नाही. वर सकाळी शेजारणीला ऐटीत सांगून बसला होता, की अख्ख्या देशाचा पदार्थ तो, डच माणसाला काय शिकवायचा!

आज तीन ऑक्टोबर, शेकडो वर्षांपूर्वी लायडन गावाला पडलेला शत्रूचा वेढा उठल्याचा दिवस. गावात घरोघरी हाच बेत. आल्त्ये गेल्यावरचा हा पहिलाच. लेक मेख्टेल्ड म्हणाली होती, यंदापासून माझ्याकडे करू, तुम्ही कशाला दगदग करता. कूनराड हट्टाला पेटला, सगळे इथंच जेवतील म्हणाला. आज बिघडलं तर हे टेबल कायमचं रिकामं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सहाच्या ठोक्याला दोन्ही मुलं येऊन बसली. गोव्हर्टनं आपलं वाढलेलं ताट उपडं धरलं. काहीच पडलं नाही.

"बाबा, उरलं तर द्या. बाथरूमच्या फरश्या बसवायच्यात."

मेख्टेल्डनं टेबलाखालून भावाला लाथ घातली. मग चमच्याच्या पाठीनं आपल्या ताटातल्या ढिगात खळगा केला आणि त्यात मांसाचा रस ओतला. तिघंही बघत राहिली. आल्त्येच्या मऊ हुट्सपॉटचा बांध दोन घासांत फुटायचा, रस ताटभर पसरायचा, आणि ती दरवर्षी म्हणायची, उठला वेढा. समुद्राचे बांध फोडून पाणी आत घेतलं, शत्रू पळाला, तेव्हाच तर गाव सुटलं होतं. आजचा बांध मात्र ढिम्म हलेना. कूनराडला मान वर करवेना.

"ठेचणी माझ्याकडे आहे, बाबा," मेख्टेल्ड हळूच म्हणाली. "आईला पोचवून आलो, त्या दिवशी घेऊन गेले. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

कूनराडला राग यायला हवा होता. पण त्याला बरंच वाटलं. ठेचणी हरवली नव्हती, घरातच होती म्हणायची.

मेख्टेल्डनं सुरी घेतली आणि बांधाला चीर दिली. रस सावकाश ताटभर पसरला.

"उठला वेढा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी ठेचणी घेऊन दुपारीच येते. इथं."

गोव्हर्टनं ताट पुढे केलं आणि आणखी मागितलं. कूनराडनं दोन्ही हातांनी डाव झटकला, तरी वाढायला वेळ लागलाच.